इल्झेकाकूंची लाल फळी

सकाळी साडेसातला आमच्या गावच्या तरणतलावावर जे काय जमतं ते एकदा बघायलाच हवं. पोट सुटलेले पन्नाशीचे बाप्ये, अंगाला घट्ट चिकटलेले काळे कपडे, आणि चेहरे असे की आत्ता लढाईवर निघालेत. लढाई कसली, तर पाचशे मीटर पोहायचं, वीस किलोमीटर सायकल हाणायची, पाच किलोमीटर पळायचं आणि मग बसून बटाट्याचं सॅलड चापायचं. यातल्या निम्म्यांना सायकलचं चाक काढून परत बसवता येत नाही. सायकली मात्र अशा चकचकीत की हात लावायला भीती वाटावी.

मी ड्रायव्हिंग शिकवतो. तीस वर्षं झाली. अर्ध्या गावाला मी गाडी शिकवली, त्यामुळे अर्धं गाव किती मठ्ठ आहे हे मला शेजारच्या सीटवर बसून कळलेलं आहे. बँकेचा मॅनेजर तीनदा नापास. अग्निशमन दलाचा तो जो नाक्यावर शिट्टी फुंकत रस्ता अडवून उभा असतो ना, त्याला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं हे अजून ठाऊक नाही. असल्या लोकांत मी ही ट्रायथलॉन करतो. मी सराव करतो, बाकीचे सरावाचे फोटो काढतात.

आणि तरीही मी दुसरा येतो.

आमच्या क्लबच्या खोलीत ओकच्या लाकडाची एक पाटी आहे. पन्नाशीपुढच्या गटात जो पहिला येईल त्याचं नाव तिच्यावर तापल्या सळईनं कोरतात, वर्षासकट. शेवटची सहा नावं वाचा: यॉर्न लुटमान, यॉर्न लुटमान, पुन्हा यॉर्न लुटमान, असं सहा वेळा. सहाही वर्षं दुसरा कोण, तर मी, एकार्ड डेटमेरिंग. दुसऱ्याचं नाव पाटीवर लागत नाही. यंदा शेवटची संधी होती. तलावाच्या तळाला चिरा गेल्यात, पंचायतीनं दुरुस्तीला नकार दिला आणि सप्टेंबरात तलाव कायमचा बंद होणार हे ठरलं. तलाव नाही म्हणजे स्पर्धा नाही. पाटीवर खाली एका ओळीची जागा उरली होती. मला ती ओळ हवी होती, बाकी काही नको होतं.

हा यॉर्न आमच्याकडचा गुरांचा डॉक्टर. सगळ्या गावाचा लाडका. रात्री-अपरात्री कुणाची गाय अडली की धावतो म्हणे. धावू दे, पगार त्याचाच घेतो. मला राग त्याच्या जिंकण्याचा नाही, जिंकल्यावर येऊन पाठीवर थाप मारतो त्याचा आहे. "एकी, यंदा फार जवळ आलास हां!" जवळ आलास म्हणे! सहा वर्षं मी याच्या जवळच येतोय. आणि गडी सराव किती करतो? विचारलं तर म्हणतो, "होतं आपलं गोठ्यातून गोठ्यात जाता-येता." अंगाचा तिळपापड होतो.

त्या सकाळी मी लेनची यादी वाचली आणि थेट केकच्या टेबलाकडे गेलो. तिथे मारलीस, माझी बायको, आलुबुखाराच्या केकचे चौकोन कापत होती.

"माझ्या लेनवर कोण मोजतंय माहितीय? म्हातारी लुटमान!"

"मग काय झालं?" तिनं सुरी पुसली. "अठ्ठावीस वर्षं मोजतायत त्या."

तलाव पन्नास मीटरचा. जाऊन आलं की एक फेरी, अशा पाच फेऱ्या. काठावर खुर्ची टाकून एकजण बसतो, तुम्ही परत आलात की कागदावर रेघ ओढतो. चार फेऱ्या झाल्या की तुमच्या नाकासमोर लाल फळी पाण्यात बुडवतो. म्हणजे आता शेवटची फेरी, मग बाहेर या. तो मोजणारा म्हणेल ते खरं. त्याच्यावर ना कॅमेरा, ना दुसरा कोणी. आमच्या गावात असंच चालत आलंय, कारण आमच्या गावात कोणी खोटं मोजत नाही, असं आमच्या गावाचं स्वतःबद्दल मत आहे.

"अगं, चळलीय ती," मी म्हटलं. "हिवाळ्यात शेगडी पेटती ठेवून चर्चला गेली होती. एक्क्याऐंशी वर्षांची बाई, तिला स्वतःचे दात मोजता येणार नाहीत. आणि वर यॉर्नची आई! पोराच्या मायेपोटी मला सहा फेऱ्या पोहायला लावल्या म्हणजे?"

"चिठ्ठ्या टाकून लेन ठरतात, एकार्ड. आणि जरा हळू बोल, मागेच बसल्यात."

"बसू दे. तिला ऐकू येतंय कुठे."

"उचलली जीभ लावली टाळ्याला," मारलीस म्हणाली आणि दुसरा केक ओढला. तिच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. तिला त्या दिवशी केक पुरतील की नाही याचीच काळजी होती.

नऊ वाजता आमच्या गटाला पाण्यात उतरवलं. बावीस जण, पाच लेन. माझ्या शेजारच्या लेनमध्ये यॉर्न, डोक्यावर पिवळी टोपी, कुणाला तरी हात करत होता. माझ्या लेनच्या टोकाला इल्झेकाकू, लुटमानांची म्हातारी, गुडघ्यावर शाल, मांडीवर कागद, हातात पेन्सिल. मी टोपीवरचा नंबर दाखवून ओरडलो, "काकू, एकशे चौदा! एक-शे-चौ-दा!" तिनं मान हलवली. हिला काय कळलं देव जाणे, असं मनात म्हणेपर्यंत शिट्टी वाजली.

पोहणं माझं वाईट आहे. हे मी कबूल करतो, कारण माझ्यात ते धैर्य आहे. दर वर्षी पाण्यातून यॉर्न माझ्या दीड मिनिट आधी बाहेर पडतो आणि मग मी उरलेला वेळ त्याचा पाठलाग करतो. पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीत आमच्या लेनमधला तो बेकरीवाला आडवाच आला, त्याला लाथ बसली. चुकून बसली. तिसरी फेरी संपवून मी काठाला हात लावला आणि वळणार, तेवढ्यात नाकासमोर लाल फळी.

मी मोजतो. दिवसभर मी लोकांच्या चुका मोजतो, त्यावरच माझं पोट आहे. तीन म्हणजे तीन. मी पाण्यातून मान वर काढली. म्हातारीनं फळी आणखी खोल बुडवली आणि माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडून "काकू, तीनच झाल्या" एवढं म्हणायला किती वेळ लागतो? एक श्वास. तो श्वास मी घेतला आणि पोहायला लागलो.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. त्या फेरीत मी स्वतःला काय काय सांगितलं! नियम असा आहे की मोजणारा म्हणेल ते खरं. नियम मी केला नाही. म्हातारी चळली आहे हे मी सकाळीच जाहीर सांगितलं होतं, कोणी ऐकलं नाही, त्याला मी काय करू? आणि सहा वर्षं मी जे भोगलंय त्याचं काय? परत आलो, शिडी धरली, बाहेर पडलो. माझ्या मागे अख्खा तलाव पाणी कापत होता. पाण्यातून पहिला बाहेर येणं कसं असतं ते मला छप्पन्नाव्या वर्षी कळलं. काठावरचे लोक टाळ्या वाजवत होते. बँकेच्या मॅनेजरानं तर "शाब्बास एकार्ड!" अशी आरोळी ठोकली. तो स्वतः दरवर्षी सांघिक स्पर्धेत नाव देतो, पोहायला एक कारकून, सायकलला दुसरा आणि पळायला तिसरा, स्वतः काठावरून शेळ्या हाकायला मोकळा. त्याची शाबासकी मला कधी हवी नव्हती. त्या दिवशी मात्र बरी वाटली.

मी हेल्मेट चढवत होतो तेव्हा यॉर्न पाण्यातून वर आला. मला आधीच सायकलपाशी बघून तो क्षणभर थबकला. मग त्यानं मागे वळून काठावरच्या आईकडे पाहिलं. मी पाय मारत सुटलो.

सायकलवर मी उडत होतो. वारा तोंडावर, मक्याची शेतं दोन्ही बाजूंना, आणि माझ्यापुढे आमच्या गटातलं कोणी नाही. आधीच्या गटातले रेंगाळलेले मात्र एकेक करून गाठले. एकजण पाण्याच्या बाटलीचं झाकण दातांनी उघडता उघडता खड्ड्यात गेला. एक बाई रडत सायकल हातानं ढकलत होती, साखळी उतरली होती, आणि साखळी चढवायची कशी हे तिला कळत नव्हतं. वर्षभर दोन हजार किलोमीटर फिरवली असेल, पण हाताला तेल लागेल! नाचता येईना अंगण वाकडं. मी थांबलो नाही. थांबायची ही जागा नव्हती.

पळायला सुरुवात केली आणि पाय लाकडाचे झाले. ते दरवर्षी होतात. दुसऱ्या किलोमीटरला मागे वळून पाहिलं, यॉर्न पुलावर होता. तिसऱ्याला चर्चपाशी. चौथ्याला त्याचे बूट ऐकू यायला लागले, शांत, एकसारखे, बैलगाडीमागे चालणाऱ्या कुत्र्यासारखे. मला उलटी आली, ती मी गिळली. लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा माझ्यात लाजेपुरता सुद्धा दम उरला नव्हता. फक्त ती ओळ दिसत होती, पाटीवरची. मी एकोणीस सेकंदांनी जिंकलो.

हिशेब मला तिथेच गवतावर पडल्या पडल्या कळला. मला एक फेरी पोहायला सव्वादोन मिनिटं लागतात. म्हणजे ती फेरी धरली तर मी जवळजवळ दोन मिनिटांनी हरलो होतो. आजवरचा माझा सगळ्यात वाईट पराभव. यॉर्न येऊन शेजारी पडला, हात पुढे केला आणि म्हणाला, "एकी, कमाल केलीस बाबा." मी हात दिला. त्याच्या डोळ्यांत काही दिसतंय का ते शोधलं. काही नव्हतं. गुरांच्या डॉक्टरला काय कळणार, असं म्हणून मी उठलो.

अकराला निकालाचा कागद लागला. आमच्याकडे निकाल लागल्यापासून पंधरा मिनिटं हरकत घेता येते, सोळाव्या मिनिटाला देव आला तरी निकाल बदलत नाही. ती पंधरा मिनिटं मी कागदाजवळून हललो नाही. लोक येत होते, नावावरून बोट फिरवत होते.

"पोहायला नऊ मिनिटं?" बेकरीवाला म्हणाला. त्याची बरगडी अजून लाल होती. "गेल्या वर्षी तुला सव्वाअकरा लागली होती. काय खाल्लंस काय?"

"कोपर," मी म्हटलं. "कोपर वर ठेवायचं. तुम्ही लोक नुसते हात आपटता. मी हिवाळाभर फक्त कोपरावर काम केलं."

"असं होय," तो म्हणाला आणि स्वतःचं कोपर वर करून बघायला लागला. चार जणांनी ऐकलं, चारही जण हवेत हात फिरवायला लागले. मी त्यांना मनगट कसं ठेवायचं तेही सांगितलं. इतकी बुद्दू माणसं एका जागी क्वचितच सापडतील.

सातव्या मिनिटाला मी यॉर्नला तलावाच्या काठी पाहिलं. तो आईच्या खुर्चीपाशी वाकून काहीतरी विचारत होता. म्हातारी बोट हलवून हलवून बोलत होती. मग यॉर्न हसला, तिची शाल नीट केली आणि बिनअल्कोहोलची बिअर घ्यायला गेला. माझ्याकडे, कागदाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. सव्वाअकरा वाजले. पंचानं कागदावर सही ठोकली. मी जिंकलो होतो, आणि हा गाढव, ज्याच्याशी मी सहा वर्षं झुंजलो, त्याला साधी शंकाही आली नव्हती. मला त्याची कीव आली. खरंच आली.

बारा वाजता मांडवात बक्षिसं होती. मी कॉफी घेऊन बसलो तोच मागून काठीनं कोणीतरी माझ्या पायाला ढोसलं.

"एकार्ड, इकडे ये. बस इथे."

इल्झेकाकू. समोर बटर केकचा तुकडा, अर्धा खाल्लेला. मी बसलो. जिंकलेल्या माणसाला उदार व्हायला काय जातं?

"काकू, आभारी आहे हां. छान मोजलंत."

"छानच मोजलं," ती म्हणाली. "चार."

मी कॉफीचा कप खाली ठेवला.

"अठ्ठावीस वर्षांत माझी एक रेघ चुकलेली नाही. मला चळलीय म्हणतोस ना? ऐकलं मी सकाळी. कान शाबूत आहेत माझे, गुडघे गेलेत. तिसऱ्या फेरीला मी फळी बुडवली. मुद्दाम बुडवली."

"का?" मी विचारलं.

"का काय का? सहा वर्षं तू दुसरा येतोस आणि वर्षभर आम्ही ऐकतो. बेकरीत ऐकतो, दवाखान्यात ऐकतो. माझी नात तुझ्याकडे गाडी शिकते, ती येऊन सांगते, आजी, एकार्डकाका आजही चौकात बाबांना शिव्या घालत होते. वाऱ्यामुळे हरलो, सायकलमुळे हरलो, बेकरीवाला आडवा आला म्हणून हरलो. गाव कंटाळलंय रे तुला. तलाव तर बंदच होतोय. म्हटलं, लावून टाकू याचं नाव एकदाचं, निदान मरेपर्यंत तोंड गोड राहील याचं." तिनं केकचा घास घेतला. "आणि फळी दाखवली तेव्हा तू काय केलंस? वर बघितलंस, माझ्या डोळ्यांत बघितलंस, आणि गेलास पोहत. मला वाटलं होतं बोलशील. थोडंसं वाटलं होतं हो."

"यॉर्न..."

"त्याला पाण्यातून बाहेर येतानाच कळलं होतं. विचारायला आला होता. म्हटलं, तू गप बैस, तुझी सहा आहेत. म्हणाला, बरं आई."

बरं आई! दोन शब्दांत त्यानं मला ती ओळ देऊन टाकली, शिळी पोळी गाईला घालतात तशी. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. मी उठलो, टेबल हललं, तिची कॉफी बशीत सांडली.

"मी सांगणार. आत्ता वर जाऊन माइकवर सांगणार सगळ्यांना. मला नको तुमची भीक."

"सांग की," ती शांतपणे म्हणाली आणि बशीतली कॉफी परत कपात ओतली. "मी काय म्हणणार, मुद्दाम केलं? पंचांसमोर? मी म्हणणार, अगंबाई, चुकलं वाटतं. मग म्हणतील म्हातारीचं डोकं गेलं. शेगडी विसरली, आता रेघा विसरली. माझी सून वृद्धाश्रमाचे कागद घेऊनच बसलीय. तुझ्या खरेपणानं माझी पेटी भरली जाईल, एवढंच. जा, सांग."

आणि तेवढ्यात अध्यक्षांनी माझं नाव घेतलं.

मांडव टाळ्यांनी दणाणला. मी वर चढलो. यॉर्ननं मला मिठी मारली, मनापासून मारली, त्याच्या अंगाला अजून क्लोरीनचा वास होता. मारलीस केकच्या टेबलामागे उभी होती, हातात सुरी तशीच, आणि रडत होती. इतकी वर्षं माझी कटकट ऐकून तिला एकदाचं बरं वाटलं असणार. अध्यक्षांनी माइक माझ्या तोंडाशी धरला. मी मागच्या टेबलाकडे पाहिलं. म्हातारी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. बोटानं बशीतले केकचे कण टिपत होती.

"सगळ्यांचे आभार," मी म्हटलं. आणि खाली उतरलो.

पुढच्या आठवड्यात पाटीवर माझं नाव लागलं. त्या म्हाताऱ्या बाईसाठी गप्प बसलो, असं मी स्वतःला रोज बजावत होतो. सकाळी आरशासमोर, गाडीत विद्यार्थ्याच्या शेजारी, झोपताना. एका असहाय बाईला घराबाहेर काढण्यापेक्षा मी खोटेपणाचा डाग सोसला, केवढा हा त्याग! दोन-अडीच महिने मी स्वतःवर खूश होतो.

नोव्हेंबरात इल्झेकाकूंना वृद्धाश्रमात नेलंच. शेगडी पुन्हा पेटती राहिली होती, या वेळी पडद्यानं पेट घेतला. कोणाला काही सांगायला लागलं नाही, रेघांचा विषयही निघाला नाही. यॉर्न स्वतः गाडीतून तिला सोडून आला. मला त्यानं बेकरीच्या दारात सांगितलं, आणि सांगताना त्याचे डोळे भरले होते.

म्हणजे आता तिला काही होण्यासारखं उरलेलं नाही. मी आज सांगू शकतो, उद्या सांगू शकतो. क्लबच्या खोलीत दर गुरुवारी दहा-बारा जण असतात, यॉर्नही असतो, मी असतो. चार शब्द बोलायचे, पाटी उतरवायची, एक ओळ खरवडायची. काल गुरुवार होता. बेकरीवाल्यानं मला कोपराबद्दल विचारलं, आणि मी त्याला अर्धा तास समजावून सांगितलं.